दोन वाजताचं मशीन

"न्हाई, लग्नाची न्हाई. आन पिच्चरची बी न्हाई," पट्टा आवळता आवळता हनुमंत म्हणाला. आपटाळ्यात थांबल्यापासून हे उत्तर तो चौथ्यांदा देत होता.

विचारणाऱ्यांचा तरी काय दोष? कांदे वाहणाऱ्या पिकअपमध्ये पांढरीशुभ्र, बिनदाराची, वर छत असलेली गोल्फची बॅटरीगाडी चढवलेली, आणि त्याच पिकअपच्या मागे खिडक्यांना पडदे लावलेले चाकांवरचे अख्खे घर जोडलेले. अशी वरात त्या रस्त्याने कधी उतरली नव्हती. घाटघरजवळच्या एका रिसॉर्टने दोन पावसाळ्यांत गाशा गुंडाळला होता आणि त्याचे हे उरलेसुरले वैभव मंचरच्या पुढच्या एका हुरडा पार्टीवाल्याने घेतले होते. पोचवायचे काम हनुमंताचे.

"पर तिथं गोल्फ खेळत कोन व्हतं?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"कुनी न्हाई. पावण्यांना खोलीपासनं जेवायला न्यायचे हिच्यातनं."

"का? पावण्यांना पाय न्हवते?"

लोक हसले. एरवी हनुमंतही हसला असता, दोन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या असत्या. पण त्याचे सगळे लक्ष घड्याळाकडे होते. पावणेअकरा होऊन गेले होते, आणि दोन वाजता मंचरच्या दवाखान्यात पुढे त्याच्याशेजारी बसलेल्या त्याच्या बायकोला, कोंडाबाईला, डायलिसिसच्या मशीनवर चढवायचे होते.

दोन वर्षे झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार. दोन्ही किडन्या बसलेल्या, लघवी जवळजवळ बंद. अंगात साठलेले पाणी मशीनच काढणार. शनिवारची पाळी हुकली होती, आणि ती हुकली होती हनुमंतापायी. हे चाकावरचे घर ओढायला पिकअपला मागे हूक बसवावा लागला आणि गाडी दोन दिवस जुन्नरला वेल्डिंगवाल्याकडे पडून राहिली. कोंडाबाई म्हणाली होती, "मी येष्टीनं जाती." हाच म्हणाला, "एका वारानं काय व्हतंय? मंगळवारी आपल्याच गाडीत बसून जाऊ." आता तिचे पाय इतके सुजले होते की चपला पिशवीत ठेवाव्या लागल्या होत्या.

एका फेरीत दोन कामे, असा त्याचा हिशोब. साडेनऊला निघायचे, सावकाश गेले तरी एकला मंचर. पण त्या चाकांवरच्या घराच्या स्वभावाचा हिशोब त्याने धरला नव्हता. बॅटरीगाडीचे ओझे मागच्या बाजूला बसले होते, त्यामुळे पिकअपचे तोंड हलके झाले होते, आणि पंचवीसच्या पुढे काटा गेला की मागचे घर डावी-उजवीकडे डुलायला लागायचे. ते डुलले की पिकअपही हलायची आणि स्टेअरिंग हातात नुसते नावाला उरायचे. मग थांबा, खाली उतरा, पट्टे आवळा. आपटाळ्यात थांबला, त्याच्या आधी वर दोनदा थांबला, जुन्नर सोडल्यावर परत थांबला. प्रत्येक वेळी माणसे जमत. प्रत्येक वेळी कोंडाबाई "पाय मोकळे करती" म्हणून उतरे आणि जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी तिला सावलीला म्हणून आपल्या घरात नेई. ती पदराने तोंड पुसत परत येई.

पाण्याचे माप हनुमंताकडे होते. दिवसाला अर्धा लिटर, चहा-आमटी धरून, असे दवाखान्यात सांगितलेले. रोज सकाळी तो बाटली भरायचा आणि स्वतःपाशी ठेवायचा. तिला तहान सहन झाली नाही की ओंजळ करायला सांगून वरून टोपणभर ओतायचा. पेल्यातले टोपणभर पाणी डोळ्यांनाही दिसत नाही. ओंजळीत तेवढ्यानेच हात, ओठ, सगळे ओले होते. ही युक्ती त्याची स्वतःची. दवाखान्यातल्या अक्षदा सिस्टरने या युक्तीचे कौतुकही केले होते. आज मात्र सकाळपासून कोंडाबाईने एकदाही ओंजळ पुढे केली नाही. जिवावरचे संकट ओळखून शहाण्यासारखी वागतेय, असे वाटून हनुमंताला तिच्याविषयी माया दाटून आली.

नारायणगाव गाठायला एक वाजला. कळंबच्या अलीकडे सव्वा वाजता सगळे ठप्प झाले. पुढे कांद्याचा ट्रक आडवा झाला होता. नजर पोचेल तिथपर्यंत गाड्या, मागेही तेवढ्याच.

"अवो," कोंडाबाई म्हणाली, "मला टेकता येईना."

ती पुढे वाकून बसली होती. मागे टेकले की श्वास कोंडत होता. छातीतून भांड्यात पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता आणि ओठ निळसर पडले होते. हनुमंताने दवाखान्यात फोन लावला.

"काका, हे पाणी छातीत चढलंय," अक्षदा सिस्टर म्हणाली. "मशीन मी धरून ठेवते. तुम्ही वेळेचं बघू नका, कसंही करून आणा. आणि आडवं झोपवू नका."

ॲम्ब्युलन्सला फोन केला तर ती याच रांगेच्या शेपटाला येऊन उभी राहणार होती. मागचा कांद्याचा ट्रॅक्टरवाला, भरत नावाचा, उतरून आला. त्याने एका मोटारसायकलवाल्याला थांबवले. दोघांनी कोंडाबाईला मागे बसवून पाहिले, तर ती हात सुटून कलंडलीच. मोटारसायकलवाला घाबरून निघून गेला. हनुमंत भर रस्त्यात उभा राहून "कुनी हाये का रे, कुनी हाये का" असे ओरडत राहिला. हजार माणसे होती, पण सगळी अडकलेलीच.

भरत रस्त्याच्या कडेकडे बघत होता. अडकलेले ट्रक आणि गटार यांच्यामध्ये चार-साडेचार फुटांची पट्टी मोकळी होती.

"भाऊ," तो म्हणाला, "ती पांढरी चालू हाये का?"

हनुमंताला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तो धावत मागे गेला. हूक काढल्याशिवाय बॅटरीगाडी उतरणार नव्हती. मागे ते घर उभे होते. हूक काही निघेना. भरतने ट्रॅक्टरमधला टॉमी, लोखंडी दांडा, आणला, आणखी पाचसहा जण आले, घर हातांनी रेटून मागे सारले. फळ्या लावल्या. गाडी खाली घेताना एक चाक फळीवरून सुटले तेव्हा सगळ्यांनी ती नुसत्या खांद्यांवर झेलली. कोंडाबाईला पुढच्या सीटवर बसवून पट्ट्याने बांधले.

"पिकअपची किल्ली द्या माझ्यापाशी," भरत म्हणाला. "मी बघतो. जावा तुमी!"

किल्ली टाकून हनुमंत निघाला. आठ-नऊ किलोमीटर. एक हात स्टेअरिंगवर, एक हात तिच्या पाठीमागे. पट्टी कुठे संपे, मग शेताच्या बांधावरून, हॉटेलच्या अंगणातून, कुणाच्या तरी वाळवणाच्या कडेने. ट्रकमधून माणसे डोकी काढून हसत होती. मोबाइल वर होत होते. "आजोबा, कुठं निघाले फिरायला?" कुणीतरी ओरडले. हनुमंताने पायाखालचे पेडल पार तळाला दाबले होते. ती गाडी त्याहून जास्त पळत नव्हती. तो मोठ्याने रडत होता आणि तसाच चालवत होता.

"मी पाणी पेले," कोंडाबाई मध्येच म्हणाली.

"काय?"

"पेले. समद्या घरी. चार... पाच घरी."

"अगं, मरशील ना! न्हाई म्हनायला काय झालं व्हतं?"

तिच्यात बोलायला श्वासच नव्हता. हनुमंताला तिचा असा राग आला की हात पाठीवरून काढून घ्यावा असे वाटले. तो काढला नाही, कारण काढला असता तर ती पडली असती.

दवाखान्याच्या दारात तिला उचलून आत नेले तेव्हा दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. काट्यावर वजन साडेपाच किलोने वाढलेले निघाले. अक्षदा सिस्टरने हनुमंताकडे नुसते बघितले. मग नाकाला ऑक्सिजन, दंडाला सुया, आणि मशीन फिरू लागले. डॉक्टर दोनदा येऊन गेले. "थोडक्यात वाचल्या," दुसऱ्या वेळी ते म्हणाले. हनुमंत स्टुलावर बसून नळीतून जाणारे रक्त बघत राहिला.

साडेचारच्या सुमाराला तिचे ओठ माणसासारखे दिसायला लागले.

"रागावला का?" तिने विचारले.

"रागावू नको तर काय करू? दोन वर्सं मी टोपनाटोपनानं जपलं. आन तू एका दिवसात..."

"आपटाळ्यातली बाई पाटलाच्या घरची व्हती," कोंडाबाई म्हणाली. "हात धरून मला सैपाकघरात नेलं. माठातलं पाणी, तिचा रोजचा पेला, सवता माझ्या हातात दिला. मावशी म्हनली मला. न्हाई कसं म्हनू? आमची आय हिरीवर दुपारपतुर उभी ऱ्हायची. आपन शिवायचं न्हाई. कुनी पाणी शेंदाया आलं, आन त्याला दया आली, तर वरनं वतायचे. आय वंजळ धरायची. निम्मं खाली सांडायचं."

"ठावं हाये मला. आमचं काय निराळं व्हतं?"

"ठावं हाये, तर मग तुमी बी वरनंच का वतता?"

ओंजळीची ती युक्ती, सिस्टरने कौतुक केलेली, हनुमंताला डोळ्यांसमोर तशीच्या तशी दिसली. तो उभा, हातात बाटली. ती खाली बसलेली, दोन्ही हात पुढे करून. दिवसातून दहा वेळा, दोन वर्षे.

"कोंडे, तसं न्हाई गं. मला ते..."

"म्हाईत हाये. जीव लावता म्हनूनच वतता. पर उद्यापासनं बाटली माझ्यापाशी द्या. पाणी माझं मी घेईन, पेल्यानं. थोडं घेईन न्हाई तर लई घेईन, ते तुमी बघायचं न्हाई."

"तू जाशील अशानं."

"जाईन कदी तरी."

बाटली आपल्याकडे राहिली तर ती चार वर्षे जगेल, कदाचित सहा. तिच्याकडे गेली तर पुढचा पावसाळाही सांगता येत नाही, कारण तहान काय असते ते तिचे तिलाच माहीत. तिला हात जोडून सांगावे, माझ्यासाठी तरी, मागे मी एकटा काय करू, असे त्याच्या अगदी ओठांवर आले. त्याने तिच्या सुजलेल्या पायांवर चादर ओढली.

"घे," तो म्हणाला. "तुझं तू घे."

कोंडाबाईने डोळे मिटले. ती झोपल्यावर तो बाहेर आला. पांढरी गाडी दवाखान्याच्या दारात आडवी उभी होती आणि राखणदार तिच्याभोवती फेऱ्या मारत होता.

"ही तुमची का, काका? काढा बरं, ॲम्ब्युलन्सची जागा हाये."

हनुमंताने किल्ली फिरवली. बॅटरी संपली होती. तो खाली उतरला, पाठीमागे गेला आणि एकटाच गाडी ढकलू लागला. ती जेमतेम वीतभर हलली. डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते त्याने पुसलेही नाही. राखणदाराने त्याच्याकडे पाहिले, काठी भिंतीला टेकवली आणि शेजारी येऊन खांदा लावला.

"पेशंट गेला का?" त्याने हळूच विचारले.

"न्हाई," हनुमंत म्हणाला. "हाये अजून. आत हाये."

दोघांनी मिळून गाडी लिंबाच्या झाडाखाली नेऊन लावली.