लाल फुली

सूनबाईंच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली, तेव्हा दुरुस्तीवाल्याने ती काढूनच घेतली. "नवी येईपर्यंत वायरवर चालवा. मशीन बॅटरीतल्या चिपला विचारतं, आहेस का? उत्तर आलं नाही की लाल फुली दाखवतं. घाबरू नका, ते खरं तेच सांगतंय."

चला, या घरात खरं सांगणारं कुणीतरी आलं, असं तिला वाटलं.

मुलांपायी सोडलेली नोकरी तिला परत हवी होती. कंपनीची चाचणी याच लॅपटॉपवर होती आणि संधी एकदाच मिळणार होती. भीती एकच, सासऱ्यांची. खोलीतून निघताना भिंतीवरचं दिसेल ते बटण बंद करायची त्यांना खोड. एकदा फ्रीजही त्यातून सुटला नव्हता. तिने बजावलं, "बाबा, लॅपटॉपच्या पडद्यावर फुली दिसली की त्याच्या वायरच्या या बटणाला हात नाही लावायचा." तेव्हापासून सासरे आधी वाकून फुली बघत, मगच बाकीच्या बटणांकडे वळत.

नवऱ्याला मात्र फुली डोळ्यांत खुपे. घरात काही बिघडलंय असं दिसलेलं त्याला चालत नसे. हा उंटावरचा शहाणा सेटिंगमध्ये शिरला आणि त्याने ते चिन्हच लपवून टाकलं. "झालं दुरुस्त! उगाच दुकानात गेलीस." रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

चाचणीच्या दिवशी सगळं उघडून ठेवून ती घोटभर पाणी प्यायला गेली. सासरे आले, वाकले. फुली नाही. सून विसरली असेल म्हणून त्यांनी मायेने बटण बंद केलं.

ती धावत आली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि, मुहूर्त बघा, अपडेट घेत बसला. "कृपया थांबा." ती थांबली. कंपनी थांबली नाही.

तिला रडू आवरेना. नवरा म्हणाला, "बाबा, तुम्हाला कितीदा सांगायचं? आणि हे मशीन तरी! आधी सूचना नको द्यायला?"

सासरे म्हणाले, "चुकलंच माझं. पण फुली होती तोवर मी कधी हात लावला होता का रे?"

नवऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन फुली परत आणली.

"राहू दे आता तशीच," ती डोळे पुसत म्हणाली. "घरात एकाने तरी खरं बोलावं."