ज्या घरात लेकरं रडत नसत

देवगाव फाट्यावर उतरून लिंबाजींचं घर विचारलं, की माणसं पत्ता सांगत आणि वर एक वाक्य जोडत, "लय मोठं खटलं हाय, पर घरात लेकराचा आवाज ऐकू येत न्हाई बघा." हे कौतुकानं म्हटलं जाई. ज्यांनी ज्यांनी ते म्हटलं, त्या सगळ्यांवर माझा राग आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा मार्गशीर्ष. कापूस फुटला होता. घरात एकोणीस माणसं, त्यात चार सुना, आणि ओसरीच्या तुळईला टांगलेल्या चार झोळ्या. सासू धुरपताबाई सकाळी पाय पसरून बसे आणि एकेक लेकरू पायांवर घेऊन न्हाऊ घाली. ऊन पाणी, डाळीचं पीठ, टाळूवर तेल, शेवटी वेखंडाची धुरी. हात मोठा मायेचा होता, नाही कसं म्हणू? मग ती कमरेच्या पिशवीतून डबी काढी. प्रत्येक सून आपलं दूध वाटीत पिळून देई. धुरपताबाई त्यात मोहरीएवढी अफू बोटानं खल करी आणि ते बोट लेकराला चाटवी.

अफू हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. 'औषध' म्हणत. थोरला मुलगा दत्तराव बाजाराच्या दिवशी ते कुणाकडून तरी गुपचूप आणून देई. लेकरं दिवे लागेपर्यंत झोपत. चारही सुना साडीची ओटी बांधून कापूस वेचायला मोकळ्या होत. रडणारं लेकरू म्हणजे झाडाखाली बसलेली बाई, आणि बसलेली बाई लिंबाजींना परवडत नव्हती. सगळं औषध एवढ्यासाठी होतं.

गीताबाई ही धाकटी सून. तिचा पंडित सात महिन्यांचा झाला होता आणि अजून पालथा पडत नव्हता. रानातून आली की ती त्याला गोधडीवर निजवी, बांगड्या वाजवी, कुशीवर वळवून हळूच हात सोडी. तो पुन्हा पाठीवर येई आणि डोळे मिटे. शेजारच्या चतुराबाईचा लेक त्याच्याच वयाचा. तो अंगणभर रांगून माती खाई आणि आईच्या शिव्या खाई.

"आत्याबाई, ह्यो हसत बी न्हाई वो," गीताबाई एकदा सासूला म्हणाली.

"गुणाचं लेकरू हाय. त्या चतुरीचं लेकरू हाय का माकड? माझ्या हाताखाली नऊ लेकरं वाढली. एकाचा आवाज कधी उंबऱ्याभाईर गेला न्हाई."

नऊ वाढली. किती राहिली नाहीत, हे धुरपताबाई सांगत नसे, आणि विचारायची त्या घरात पद्धत नव्हती.

दुपारी रानात गीताबाईचा पान्हा फुटे. चोळी भिजे. संध्याकाळी ती पंडितला छातीशी धरी, तर तो दोन घोट घेऊन सोडून देई. रात्री छातीला गाठी येत आणि ती ऊन फडक्यानं शेकत बसे. नवऱ्याला, सूर्यभानला, सांगितलं तर तो म्हणे, "आईला जास्त कळतंय का तुला?"

एके दिवशी बोरीला धुरपताबाईची चुलत बहीण वारल्याचा निरोप आला. फाट्यावरची सकाळची एसटी गाठायची होती. तिघी सुना केव्हाच रानात गेल्या होत्या, न्हाऊ-माखू राहिलं होतं. निघता निघता पंडित कुरकुरताना दिसला, म्हणून गीताबाईनं काढून ठेवलेल्या दुधात धुरपताबाईनं त्याला औषध चाटवलं, डबी चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली आणि ती गेली. घरात थोरली सून सारजाबाई तापानं पडून होती. ती तासाभरानं उठली. आत्याबाई घाईत गेल्या, औषध राहिलंच असणार, असं समजून तिनं चारही लेकरांना चाटवलं. मोठ्या खटल्यात कुणी कुणाला विचारत नाही. काम दिसलं की करायचं.

दिवे लागणीला तीन झोळ्यांतली लेकरं चुळबुळली. चौथी हलली नाही. गीताबाईनं हात घातला, तेव्हा पंडितचे ओठ निळे पडले होते. ती त्याला उचलून अंगणात पळाली, पाणी मारलं, तळपाय चोळले, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या. आयुष्यात कधी न रडलेलं ते लेकरू तेव्हाही रडलं नाही.

गाव जमलं. "चांगल्या लेकरावर नजर पडती," असं म्हणून सगळ्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी लिंबाजींनी सुनांना रानात धाडलं, कारण कापूस बोंडातून लोंबत होता.

त्याच सकाळी गीताबाई भाकरी घ्यायला आत जात होती आणि चुलीपाशी दोन बायकांचं बोलणं चाललं होतं.

"आत्याबाई, त्या दिशी जाताना पंडितला दिलती का तुमी?"

"दिलती की. का?"

"मी बी दिली."

चुलीत लाकूड तडकलं. मग धुरपताबाई म्हणाली, "गप बस. कुणाम्होरं बोलू नगंस."

गीताबाई दारातूनच मागं फिरली. तिनं ते सूर्यभानला सांगितलं. "झालं गेलं," तो म्हणाला, "आता आईला का फासावर द्यायचं?" त्या दिवसापासून गीताबाई रडली नाही आणि घरात गरजेपेक्षा जास्त बोलली नाही. सासूला वाटलं, पोरगी सावरली. माणसं किती सोयीस्कर समजून घेतात! ती सावरली नव्हती, ती वाट पाहत होती.

दोन वर्षांनी माहेरी तिला मुलगी झाली. बारसं तिथंच झालं, केशर नाव ठेवलं. तिसरा महिना लागला तशी गीताबाईची आई म्हणाली, "नगं जाऊस माय त्या घरला. इथं चटणी-भाकर खाऊ."

"मला तितंच जायचंय," गीताबाई म्हणाली. "माझं काम ऱ्हायलंय तितं."

बाळंतीण सासरी आली म्हणून दुपारी गल्लीतल्या बायका लेकरू बघायला जमल्या. तो बाजाराचा दिवस, रानातलं काम बंद. पुरुष घरीच होते आणि जाऊबाया हळदी-कुंकवाची तबकं घेऊन फिरत होत्या. तुळईला तीन झोळ्या टांगलेल्या, तिन्ही लेकरं गाढ झोपलेली, त्यात सारजाबाईचा दीड वर्षाचा नागनाथही. केशर मात्र एवढ्या बायका बघून जी रडायला लागली, ती थांबेना. चांगली खणखणीत रडत होती, पाय झाडत, मुठी आवळत. बायका हसल्या. धुरपताबाईला ते हसू लागलं.

"आण हिकडं," ती म्हणाली. "आता बघा कशी गप हुती." आणि तिनं कमरेची डबी काढली. "गीता, दूध दी वाटीत."

गीताबाईनं मुलगी चतुराबाईच्या मांडीवर दिली. वाटी घेतली. आत जाऊन तिच्यात चुलीवरचं गाईचं दूध घेऊन आली आणि सासूसमोर बसली.

"डबी द्या, आत्याबाई. आज मी करती."

सासूनं दिली. सून रुळावर आली, असंच तिला वाटलं असावं. गीताबाईनं मोहरीएवढी अफू चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली.

"ही लेकराला देत्यात. तुमी लेकरापरीस दसपट मोठ्या हाव. म्हंजी धा." तिनं मोजून दहा टाकल्या. "माझ्या पंडितला त्या दिशी दोनदा दिलती. एक तुमी, एक जाऊबाईनं. म्हंजी वीस." आणखी दहा टाकल्या, बोटानं खल केल्या आणि वाटी सासूच्या ओठांपाशी धरली. "घ्या. औषधच हाय न्हवं?"

 केशर रडतच होती.

"येडी झाली का काय ही?" लिंबाजी बैठकीतून ओरडले. "सूर्यभान, आवर तुझ्या बायकुला!"

सूर्यभान उठला. गीताबाईनं मान न वळवता म्हटलं, "त्या दिशी मी तुमाला सांगितलं हुतं. तवा उठला न्हाईत. आता बी बसा."

तो बसला.

"घ्या, आत्याबाई. मी बी घेणार हाय तुमच्या मागून. वाटीत दूध मीच पिळून दिलं हुतं, माझा बी वाटा हाय त्यात. पर पयल्यांदा तुमी."

ती नुसती भीती घालत नव्हती. वाचकहो, सासूनं तोंड उघडलं असतं तर त्या बाईनं वाटी रिकामी केली असती, आणि मग स्वतःसाठी दुसरी भरली असती. धुरपताबाईला तिच्या डोळ्यांत ते दिसलं. तिनं दोन्ही हातांनी वाटी ढकलली, ओठ घट्ट मिटले, मागं सरकत सरकत भिंतीला टेकली आणि किंचाळली,

"एवढी घेतली तर मरंल की मी!"

गीताबाईनं वाटी खाली ठेवली.

"मंग माझं लेकरू कशानं मेलं?"

 नजर लागल्याचं सांगणाऱ्या बायकाही तिथंच बसल्या होत्या, त्या पदराशी चाळा करू लागल्या. सारजाबाईच्या हातातलं तबक खाली पडलं. ती झोळीकडे धावली, नागनाथला बाहेर ओढलं आणि त्याला गदागदा हलवू लागली. "ऊठ रं बाबा, रड, रड की!" बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. तेव्हा ती जमिनीवर बसून मोठमोठ्यानं रडली आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, "मी दिली गं गीता, मी बी दिली. दोन वर्सं सांगितलं न्हाई तुला."

गीताबाईनं तिचे डोळे पुसले नाहीत. वाटी आणि डबी उचलून तिनं चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी ती तिन्ही जावांना आणि तिन्ही लेकरांना घेऊन सेलूच्या दवाखान्यात गेली. एकदम बंद केलं तर लेकरांना झटके येतील, म्हणून डॉक्टरांनी तिघांना ठेवून घेतलं आणि जावांना नको नको ते ऐकवलं. ते ऐकताना गीताबाई केशरला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

मग ती लेकरं घरी आली आणि घराचं घरपण बदललं. एक थांबलं की दुसरं सुरू करी. लिंबाजींना दुपारी डोळा लागेना. "ह्या घरात बसवंना झालं," ते एकदा चिडून म्हणाले.

"बसवंना तर रानात चला मामंजी," गीताबाई म्हणाली. "कापूस येचायला मानसं कमीच हायत."

महिनाभरात ठरलं, की रोज एक सून लेकरांपाशी घरी राहील. त्यासाठी गीताबाई कुणाच्या पाया पडली नाही. सुरुवातीला कुणाला घरी राहू दिलं नाही, तेव्हा चौघीही लेकरं काखेला मारून पुरुषांच्या पाठोपाठ वेचणीच्या रांगेत, पातीला लागत आणि ती चौघं मिळून सगळं रान डोक्यावर घेत. तीन दिवसांत दत्तरावच म्हणाला, "एकजण घरी ऱ्हा बाबा." गुढीपाडव्याला नागनाथ चालायला लागला. अंमळ उशिरा, पण लागला.

धुरपताबाईच्या पायांवर मात्र नंतर कुणी लेकरू दिलं नाही. पाणी तापवायलाही तिला कुणी सांगेना. ती ओसरीच्या खांबाला टेकून बसे आणि सुना अंगणात आपापली लेकरं न्हाऊ घालताना बघे. "पानी लय ऊन हाय गं," एवढं म्हणे. कुणी ऐकलंय असं दाखवत नसे.

केशर तेरा महिन्यांची झाली. एका सकाळी सगळं घर न्याहारीला बसलेलं असताना ती उखळ धरून उभी राहिली आणि तिनं उखळ सोडलं. सगळ्यांचे घास थांबले. दोन पावलं टाकून ती डगमगली, सावरली, इकडे तिकडे बघितलं. तिच्या अगदी समोर खांबापाशी म्हातारी बसली होती. म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले. "ये गं माझी बाय. ये." केशर हसली आणि तिच्याकडे निघाली. तिसरं पाऊल. चौथं. धुरपताबाईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आता एकच पाऊल राहिलं होतं.

गीताबाई उठली आणि तिनं मुलीला मधूनच उचललं.

"आगं, जाऊ दी की गीता," सारजाबाई कळवळली. "म्हातारं मानूस हाय."

"जाऊ देते," गीताबाई म्हणाली. "पंडित चालत येऊन कुनाच्या हातात पडंल, तेवढं सांगा मला. त्याच्या मागून हिला धाडते."

म्हातारीचे हात तसेच पुढं राहिले. मग तिनं ते पदराखाली घेतले.

कुणी म्हणेल, बाईनं फार ताणलं. माझ्या घरातही म्हणाले. त्यांना मी एवढंच विचारलं, की माफी मागायची होती ती सातएक महिन्यांच्या पोराची, आणि तो तर इथं नाही, मग ती परस्पर द्यायचा अधिकार त्याच्या आईला तरी कुणी दिला? आजही आपल्या जिल्ह्यात कापसाच्या दिवसांत किती ओसऱ्या दुपारभर शांत असतात. त्या शांततेचं कौतुक करून पुढं जाऊ नका. आत शिरा, झोळीत वाका, आणि लेकरू जागं होत नसेल तर घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला सगळ्यांदेखत विचारा, याला काय दिलंत म्हणून.