उजवं दार

पिकअपच्या उजव्या दारावर छिन्नीचा घाव बसला तशी पुट्टीची वीतभर खपली सुटून व्हेंडलाच्या बुटावर पडली. तिने ती उचलून कडेने पाहिली. बोटभर जाड. खाली गुलाबी पुट्टी, तिच्यावर निळा रंग, मग हिरवी पुट्टी, पुन्हा निळा रंग, सगळ्यात वर करडी.

"कुठल्या गाढवाने रंगावर पुट्टी थापलीय ही? आणि हार्डनर तर नुसता ओतलाय. थंडीत लवकर वाळावी म्हणून. तडकेल नाही तर काय."

"लाईलने स्वतःच थापली असणार, अंगणात उभं राहून." गॅरेजचा मालक गस शेगडीपाशी पास्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, खात होता. "तू फार खोलात जाऊ नकोस. वरची चीर बुजव आणि रंग मार. शुक्रवारी गाडी विकत घ्यायला त्याचं गिऱ्हाईक येणार आहे."

लाईल म्हणजे व्हेंडलाच्या भाचीचा, आयलीचा नवरा. खनिजाच्या कारखान्यात कामाला. ही जुनी पिकअप तो सकाळीच सोडून गेला होता.

"कशाने झालं म्हणाला?"

"हरीण."

या गावात प्रत्येक पोचा हरणाचा असे. दारू पिऊन खड्ड्यात घातलेली गाडी हरणाची, शेजाऱ्याचं कुंपण पाडलेली गाडीही हरणाची. गिऱ्हाइकाने हरीण म्हणायचं आणि गॅरेजने मान हलवून कामाला लागायचं. त्यामुळे रविवारी चर्चच्या कॉफीला सगळ्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघता येई. व्हेंडलानेही इतकी वर्षं मानच हलवली होती.

तिने दाराच्या आतलं आवरण सकाळीच काढून ठेवलं होतं. आता ग्राइंडर फिरवून तिने बाहेरचा पत्रा उघडा केला.

हरणाची धडक रुंद आणि उथळ असते. इथे अरुंद, खोल खड्डे होते, धारदार कडांचे. हँडलभोवती दाटीने, काचेखाली विरळ. कुलपाशेजारी पत्र्याची कड टोकदार काहीतरी घालून उचकटलेली. व्हेंडला दारासमोर उभी राहिली आणि तिने रिकामी मूठ उगारून खाली आणली. मूठ एका खड्ड्यावर आली. जरा डावीकडे सरकून पुन्हा आणली. पुन्हा खड्ड्यावरच.

मारणारा इथे उभा होता. दार उघडायला बघत होता. म्हणजे ते आतून बंद होतं.

गेल्या हिवाळ्यात आयलीचा हात प्लास्टरमध्ये होता. सौनाच्या वाफेच्या खोलीतून बाहेर येताना बर्फावर घसरले, म्हणाली होती.

"गस, इकडे ये."

गस आला. त्याचं चावणं थांबलं. "तो हरीण म्हणाला ना," तो हळू आवाजात म्हणाला. "मग हरीण."

"हरणाला पहार धरता येते का रे?"

बाहेर मोटार थांबली. शिकारीचा नारिंगी कोट घातलेला लाईल आत आला, मागोमाग आयली. उघडा पत्रा दिसताच तो जागीच थबकला.

"चीर बुजवायला सांगितली होती, मावशीबाई. सोलायला नाही."

"सोलल्याशिवाय पुट्टी धरत नाही."

"नाही धरली तर नाही. गिऱ्हाईक रस्त्याला लागेपर्यंत टिकली म्हणजे झालं." तो गसकडे बघून हसला. गस हसला नाही.

"आयली," व्हेंडला म्हणाली, "तू आत होतीस?"

असं या गावात कोणी कोणाला विचारत नसे. आयलीने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"तीनदा?" पुट्टीचे तीन थर आठवून व्हेंडलाने विचारलं.

"चारदा. एकदा नुसती काचच फुटली होती."

लाईलने उलट्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. तिचं डोकं पिकअपच्या खांबावर आपटलं. ती ओरडली नाही. पलीकडचं दार उघडून ती आत शिरली आणि दोन्ही दारांच्या कड्या दाबल्या. बघावंही लागलं नाही, हात आपोआप गेले. मग सीटवर पाय पोटाशी घेऊन बसली.

लाईलने बाकावरची पहार उचलली. उघड्या पत्र्यावर घाव पडला तेव्हा सगळं गॅरेज दणाणलं. दुसऱ्या घावाने दाराची कड दुमडून चौकटीत घुसली. "बाहेर ये," तो सांगत होता. ओरडत नव्हता. "बाहेर ये म्हणतोय ना."

व्हेंडला मध्ये गेली. पहार तिच्या डाव्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. गस फोनवर शेरीफच्या माणसांना पत्ता सांगत होता. आवाज फुटत होता म्हणून पुन्हा पुन्हा सांगत होता. लाईलने पुन्हा पहार उगारली. व्हेंडलाने पोचे ओढायचा जड दांडा उजव्या हाताने उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. पहार सुटली नाही म्हणून तिने त्या मुठीवर घातला. बोटं उघडली. तिने तिसऱ्यांदा दांडा उचलला. या वेळी तिची नजर त्याच्या डोक्यावर होती.

गसने फोन टाकून मागून तिचं मनगट धरलं. "व्हेंडला. पुरे."

"पुरे नाही," ती म्हणाली. पण दांडा खाली आला.

शेरीफच्या माणसांनी लाईलला दोन्ही काखांत धरून नेलं. तो आता ओरडत होता, सगळ्यांना नावानिशी शिव्या देत होता. रुग्णवाहिका शेजारच्या गावाहून यायची होती. गसने आपल्या मफलरने व्हेंडलाचा हात छातीशी बांधला आणि तो पिकअपपाशी गेला.

"आयली, पलीकडून उतर, बाळ. ते दार चांगलं आहे."

आयलीने नकारार्थी मान हलवली. ओठ सुजला होता. काच थोडी खाली करून ती म्हणाली, "याच दाराने उतरेन."

"ते अडकलंय."

"मग सोडवा."

गसने हातोडी उचलली. "दे इकडे," व्हेंडला म्हणाली. "तुझा हात जड आहे. तू उगाच पत्रा ताणशील." वेदनेने तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने मुठीत मावेल असा गुळगुळीत लोखंडी ठोकळा काचेच्या फटीतून आत दिला. "मी सांगते तिथे आतून हा दाबून धर. मी बाहेरून ठोकते. हाताला हादरे बसतील."

"बसू देत."

पहिल्या टोल्याला आयलीचे डोळे मिटले, खांदे कानांशी गेले आणि ठोकळा घसरून दाराच्या पोकळीत पडला. व्हेंडला थांबली. आत चाचपडल्याचा आवाज झाला, मग लोखंड पत्र्याला टेकलं.

ती पुन्हा ठोकू लागली. हलके, जवळजवळचे टोले. दुमडलेली कड केसाकेसाने चौकटीतून सुटू लागली. गस शेगडीत लाकूड घालायचं विसरून बघत राहिला.

"जरा खाली, मावशी," आतून आवाज आला. "इथे अजून दबलेलं लागतंय."

व्हेंडलाने हातोडी जरा खाली नेली.