हयात की फौत

श्रीपादराव वकिलांच्या ओसरीवर गर्दी अशी कधी नसायची, आणि त्याला कारण ते स्वतःच होते. लातुरात दुसरेही वकील होते. ते पक्षकाराच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच "दावा जिंकलाच म्हणून समजा" असं सांगून टाकत. श्रीपादराव हैदराबादेहून उर्दूत कायदा शिकून आलेले, पण ही साधी विद्या त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. माणूस हरणार असेल तर ते पहिल्या भेटीत तोंडावर सांगायचे. आता हरायची बातमी ऐकायला उन्हातान्हाचं कोण जाणार? ज्याला दुसरीकडे थारा नाही तोच त्यांच्या पायऱ्या चढायचा.

साखराबाई तशीच चढली. बरोबर तिचा धाकटा भाऊ शेषेराव होता. त्याला बहिणीनं माहेरी रेणापुरात येऊन राहावं असं वाटत होतं, पण ती येत नाही म्हटल्यावर तो बिचारा वकिलापर्यंत आला होता. जागामालक गुंडप्पानं तिचं राहतं घर खाली करून मागण्यासाठी मुन्सिफ कोर्टात दावा टाकला होता आणि शिपायानं आणून दिलेला उर्दू कागद साखराबाईनं पदराच्या टोकात बांधून आणला होता.

श्रीपादरावांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "किरायानामा दाखवा."

गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत ते दोन खणांचं घर. जागा गुंडप्पाची, पण भिंती साखराबाईच्या नवऱ्याच्या. तिचं लग्न झालं तेव्हा तिथं नुसती पडकी जागा होती, शेजारपाजारची जनावरं येऊन बसायची. नवरा, उद्धव, गंजात मापाडी. गुंडप्पाच्या वडिलांनी त्याला म्हटलं, तू उभं कर आणि खुशाल राहा. तसं लिहूनही दिलं, की उद्धव हयात आहे तोवर त्याला आणि त्याच्या मागं त्याच्या वारसांना या घरातून कुणी उठवायचं नाही. मापं आटोपली की उद्धव दगड बसवायला लागायचा, साखराबाई चिखलाच्या पाट्या हातात द्यायची. माळवदावर टाकायची पांढरी माती त्यानं गावाबाहेरून स्वतः वाहून आणली. चुलीच्या खणात एका ठिकाणी भिंतीला पोट आलं होतं. ती त्यावरून हसायची, तर तो म्हणायचा, "ते चुकलं न्हाई, तुझ्या पाठीला टेकाया केलंय." पुढं ती खरंच तिथंच टेकून बसायला लागली.

मग एका वर्षी अडत्यानं उद्धवला एका शब्दात कामावरून काढलं. चार माणसांनी सांगितलं की वकिलाला विचार, असं काढता येतं का ते बघ. उद्धव मानी. "वकिलाच्या दारात उभा ऱ्हानार न्हाई," म्हणाला, आणि बार्शीच्या छोट्या गाडीत बसून सोलापूरकडं गेला. गिरणीत जम बसला की न्यायला येतो म्हणाला होता. आला नाही. पुढं लढाई सुरू झाली, लढाई संपलीसुद्धा.

"म्हणजे झाली सात वर्षं," श्रीपादराव म्हणाले. "काही खबर?"

खबरा खूप होत्या. तिकडून येणारे लोक काही ना काही सांगत. कुणी म्हणे सोलापुरात गिरणीच्या दारात दिसला. कुणी म्हणे कुर्डुवाडीच्या स्टेशनात खाकी कपड्यात होता, पलटणीत गेला. गल्लीतल्या एकीनं तर त्यानं मुंबईकडं दुसरं घर केल्याचं सांगितलं होतं, आणि साखराबाईच्या तोंडाकडं टक लावून बघत बसली होती. साखराबाईनं तिला चहा केला होता. दुसरं घर करायलाही माणूस जिवंत लागतो, एवढंच तिच्या मनात आलं होतं. पण शोध घ्यायला गेलं की एकही खबर टिकत नसे. शेषेराव दोनदा सोलापूरला जाऊन हात हलवत परत आला होता.

श्रीपादरावांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते डोळे मिटून बसत, त्यामुळं नव्या माणसाला ते झोपलेत असं वाटे.

"बाई, आता नीट ऐका," ते म्हणाले. "उद्धव हयात असेल तर घर उद्धवचं. मग गुंडप्पाला जबाब द्यायला उद्धवच हाजिर पाहिजे, नाहीतर त्यानं तुम्हाला लिहून दिलेला मुख्त्यारनामा पाहिजे. आहे?"

"न्हाई."

"मग कोर्टाच्या लेखी तुम्ही कुणीच नाही. घर गेलं. पण उद्धव फौत झालेला असेल, म्हणजे वारला असेल, तर तुम्ही त्याच्या वारस. किरायानाम्यात वारस शब्द स्वच्छ लिहिलाय. मग तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. सात वर्षं ज्याच्या जवळच्या माणसांनाही त्याची खबर नाही, त्याला कायदा फौत धरतो. तुम्ही फक्त तसं म्हणायचं."

साखराबाईनं बाजूला ठेवलेल्या कागदाकडं बघितलं. मग म्हणाली, "वकीलसाब, घर मला कशापायी पायजे? त्येनी आले तर त्यांच्याच दारात यावं म्हनून. अन् त्येनी गेले म्हनलं तरच घर ऱ्हातंय. मंग त्या घरात बसून मी वाट कुनाची बघू?"

"कायदा मी केला नाही, बाई."

"खबर न्हाई, येवढंच सांगितलं तर?"

"त्यानं भागत नाही. पुढचं पाऊल तुम्हालाच टाकावं लागतं." मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "तोंडानं काही बोलू नका. बायका कोर्टात नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथला कारकून, पेशकार, नाव उच्चारतो, बाई मान हलवते. हेही तसंच होईल. तो विचारेल, तुम्ही मान हलवा. त्या दिवशी कुंकू मात्र लावू नका."

परतताना शेषेराव वाटभर समजावत होता. "आक्का, नुसती मान तर हलवायची हाय. मान हलवल्यानं कुनी मरत न्हाई. उद्या दाजी आले तर मी सोता त्यांच्या पाया पडून सांगतो, की घर राखाया खोटं बोललो." तो इतक्या मनापासून बोलत होता की साखराबाईला त्याची माया आली. तिलाही ते पटलं होतं, आणि हे इथं सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढं तिनं जे केलं ते ती घरून ठरवून गेली होती असं कुणाला वाटेल. तिनं ठरवलं होतं ते मान हलवायचंच. घर नसेल तर तो येईल कुठं? रेणापूरच्या मळ्यात बायकोच्या भावाच्या दारी उभा राहणारा तो माणूस नव्हता. चुलीच्या खणात त्या पोट आलेल्या भिंतीला टेकून तिनं मान हलवूनही पाहिली. काही झालं नाही. भिंत तिथंच होती.

पेशीच्या दिवशी तिनं कोर्टाच्या आवारातल्या हौदावर कुंकू धुतलं. कपाळावर तेवढी जागा फिकी राहिली, कारण इतक्या वर्षांत तिथं ऊनच लागलं नव्हतं. मंगळसूत्र चोळीच्या आत सरकवलं. गुंडप्पा लिंबाखाली उभा होता. तो काही वाईट माणूस नव्हे. पोराचं लग्न ठरलं होतं, नव्या जोडप्याला जागा नव्हती, आणि इतकी वर्षं त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. साखराबाईचं कपाळ दिसलं तसा तो मान फिरवून झाडाकडं बघायला लागला.

आत मुन्सिफसाहेब उर्दूत बोलत आणि पेशकार त्याचं मराठी करून सांगे. साखराबाईला शपथ दिली. नाव विचारलं, ते तिनं सांगितलं.

"नवऱ्याचं नाव उद्धव?" पेशकारानं कागदात बघून विचारलं.

तिनं मान हलवली. त्या घरात ती एकटी, गल्लीतले लोक तिला साखराबाई म्हणत. उद्धव हा शब्द तिच्यासमोर कुणी असा मोकळा उच्चारून किती दिवस झाले होते. तिला एकदम वाटलं, की हा माणूस आत्ता दाराकडं बघून पुकारा करील आणि बाहेरून कुणीतरी "हाजिर" म्हणेल.

"तो फौत झाला?"

श्रीपादराव तिच्याकडं बघत होते. शेषेराव दाराशी उभा होता, त्यानं नकळत स्वतःचीच मान हलवली. साखराबाईनं डोळे खाली घातले आणि मान हलवली.

झालं होतं. इथं सगळं संपायला हवं होतं. पण पेशकाराच्या छापील नमुन्यात हयात नसलेल्या माणसापुढं आणखी एक रकाना होता आणि तो रिकामा सोडायची त्याला सवय नव्हती. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "कधी?"

याला मान हलवून भागणार नव्हतं.

श्रीपादराव उठले. "हुजूर, अशा मामल्यात तारखेची जरूर नाही. कायदा—"

मुन्सिफसाहेबांनी हात वर केला. त्यांना वाटलं, बाई काही सांगू पाहतेय. आणि बाई खरंच सांगायच्या विचारात होती. विचारलंय तर काहीतरी सांगायला हवं, म्हणून ती मनात दिवस शोधत होती. माणूस जातो तो कुठल्या तरी दिवशी जातो. त्याची तिथी असते, त्या तिथीला पान वाढतात. पाडवा म्हणावं, तर प्रत्येक पाडव्याला तिनं त्याच्या नावानं तेल काढून ठेवलं होतं. वडाची पुनव म्हणावं, तर त्या दिवशी ती वडाला सूत गुंडाळून आली होती. वेळा अमावास्येला रेणापूरच्या शेतात त्याच्या वाटची आंबील वेगळी काढली होती. साधे दिवस घ्यावेत, तर साध्या दिवसांतही असा एकही सापडेना, की ज्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या मनात आलं नाही, की आज आले तर गरम मिळेल. एक दिवस तरी त्याला मारायला मोकळा पाहिजे होता, आणि तिच्याजवळ तेवढाही नव्हता.

"कधी, बाई?" पेशकारानं पुन्हा विचारलं.

"कोनत्याच दिवशी न्हाई, साहेब," साखराबाई म्हणाली.

पेशकारानं हे उर्दूत कसं सांगावं याचा थोडा विचार केला. तेवढ्यात तिनंच पुढं सांगितलं, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मगाशी मान हलवली ती खोटी. त्येनी हायेत. कुठं हायेत ते मला ठावं न्हाई."

पेशकारानं ते उर्दूत केलं, मुन्सिफसाहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा नीट केला आणि हुकूम सांगायला सुरुवात केली. त्यातला एकही शब्द तिला कळला नाही, आणि सगळा हुकूम कळला.

बाहेर आल्यावर श्रीपादरावांनी आपल्या सवयीप्रमाणं तोंडावर सांगितलं, "हरलात, बाई."

"हाव," ती म्हणाली.

ते आणखी काही बोलणार होते. मान हलली होती, केस हातात आली होती, आणि असल्या हरण्याची त्यांनाही सवय नव्हती. पण ते नुसतेच कागद गुंडाळत राहिले. शेषेराव मात्र भिंतीकडं तोंड करून रडत होता आणि उपरण्यानं नाक पुसत होता. घर बहिणीचं गेलं आणि समजूत भावाची काढायची वेळ आली.

गुंडप्पानं घाई केली नाही. लग्न होऊन सून येईपर्यंत राहा म्हणाला. सून उदगीरकडची, शरणम्मा नावाची, घरात कानडी बोलणारी पोर. साखराबाईनं तिला घर स्वतः दाखवलं. माळवद कुठं गळतं, चुलीचा धूर कोणत्या वाऱ्याला आत कोंडतो, दाराची कडी कशी उचलून लावायची, सगळं. पोर गुणी होती, हूं हूं करत ऐकत होती. शेषेरावची बैलगाडी दारात लागली होती, भांडी चढली होती, आणि तो दोनदा हाक मारून गेला होता.

"येक काम कर, बाय," साखराबाई म्हणाली. "त्येनी आले तर सांग, रेणापूरला हाय म्हनावं. शेषेरावच्या मळ्यात."

"कोण आले तर?" शरणम्मानं विचारलं.

गल्लीत हे कुणी कधी विचारलं नव्हतं. साखराबाई 'त्येनी' म्हणाली की गल्लीला कळायचं. "आमच्या घरचे," ती म्हणाली. "गंजात मापाडी होते."

"मापाडी लई हायेत की, अत्ते. नाव काय?"

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून तिनं ते लग्नातल्या उखाण्यानंतर एकदाही घेतलं नव्हतं. कोर्टातसुद्धा ते दुसऱ्यानं घेतलं होतं. पण तो या दारात येऊन उभा राहिला आणि ही पोर, कोण तुम्ही, म्हणाली, तर तो एक अक्षर न बोलता परत फिरेल. इतका मानी होता.

"उद्धव," साखराबाई म्हणाली.

पोरीनं शहाण्यासारखं पाठ केलं. "उद्धव आले तर सांगायचं, रेणापूरला."

साखराबाई उंबऱ्यापर्यंत गेली, आणि परत आली.

"पुन्यांदा म्हन," ती म्हणाली.