कच्चे टाके

नागीण उठली, फुटली, सुकली आणि गेली. पण जाताना शिंप्याच्या डाव्या बरगड्यांवर आपलं दुखणं घरजावयासारखं मुक्कामाला ठेवून गेली. सदऱ्याचं कापड नुसतं टेकलं तरी गडी किंचाळायचा. अख्ख्या पेठेला कपडे चढवणारा हा माणूस आता डावी बाही काढून, अर्धा उघडा मशीनवर बसायचा. गिऱ्हाईकं माप देण्याआधी हसू दाबायची.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एकुलत्या एका लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं. शिंप्याला एकच धास्ती होती, त्या दिवशी आपल्या अंगात कोट जाईल की नाही?

डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. थोडा उतार पडला, पण पुरेसा नाही. मग मेहुण्याने ॲक्युपंक्चरवाल्या बाईंचं नाव काढलं.

बायको फणकारली, "जन्मभर बोटांत सुया टोचून घेतल्या, तेवढ्याने पोट भरलं नाही का?"

डॉक्टर म्हणाले, "जाऊन पाहा. पण गोळ्या चालू ठेवून."

बाईंनी सुई काढताच शिंप्याने डोळे बारीक केले. "अहो, हिला नेढंच नाही! दोरा कुठे ओवणार?"

"दोरा नको, काका. तुम्ही फक्त गप्प पडून राहा."

गप्प पडणं त्याला सुयांपेक्षा जड गेलं. पण काही खेपांनंतर रात्री डोळा लागू लागला, आणि एका सकाळी त्याने बनियन घातलं तरी बोंब ठोकली नाही. लगेच घरात दोन पक्ष पडले. बायको म्हणे, गोळ्यांचा गुण. मेहुणा म्हणे, सुयांचा.

शिंप्याने आपल्या धंद्याची अक्कल चालवली. कोटाला आधी कच्चे टाके घालतात आणि पक्की शिलाई बसली की ते ओढून काढतात. गोळ्या म्हणजे कच्चे टाके, सुया म्हणजे पक्की शिलाई! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो रोजच्या गोळ्या गुपचूप बटणांच्या डब्यात टाकू लागला.

कोट घालून पाहायच्या दिवशी दुसरी बाही चढायच्या आत त्याने अशी आरोळी ठोकली की शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाचा गाल अर्धा सोडून धावत आला. गडबडीत डबा सांडला.

"ही कुठली बटणं?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी चांगलंच फैलावर घेतलं. "गोळ्या अशा एकदम तोडतात का? कधी कमी करायच्या ते मी सांगेन."

बाई तर जास्तच तापल्या. "माझ्या सुया गोळ्यांच्या जोडीला आहेत, काका. त्यांच्या जागी नाहीत!"

शिंप्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर त्याने दोन्ही गोष्टी निमूटपणे केल्या.

लग्नाच्या दिवशी कोट अंगात गेला. दुखणं पुरतं हटलं नव्हतं, पण आवाक्यात होतं. बायकोने पाहुण्यांना ताकीदच दिली, "यांना डावीकडून कुणी भेटायचं नाही!" लेक निघताना वडिलांपाशी आली आणि ती ताकीद आठवून थबकली.

"ये गं," म्हणत त्याने तिला ओढून घट्ट छातीशी धरलं आणि ढसाढसा रडू लागला.

बायकोने घाईघाईने पर्समधून गोळी काढली. मेहुणा बाईंना फोन लावू लागला.

"ठेवा ते, दोघंही!" शिंपी हुंदक्यातूनच खेकसला. "बरगडी ठीक आहे माझी. पोरगी चाललीय!"