दुसरीच्या नावाचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. प्लॅस्टिकचा, तळहाताएवढा. आमच्या राखीव समुद्रात उतरायचं तर प्रवेशाचे पाच लाख रुपिया भरून माझ्यासारखा एक गळ्यात घालावाच लागतो. वर्षभर चालतो. माझ्यावर नाव आहे सेकारचं.

सेकारला एक खोड होती. बोलता बोलता तिचा अंगठा माझ्या उजव्या कोपऱ्यावर फिरत राही. कोपरा पार गुळगुळीत झाला. एके दिवशी ती पाण्यात उतरली ती वर आलीच नाही. मी तेवढा तरंगत आलो. ती राहत होती त्या पाहुणेघराच्या मालकीणबाईंनी, ओर्पामावशींनी, मला खिळ्यावर अडकवलं. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाची वस्तू आमच्याकडे टाकत नाहीत.

मग सुराबायाहून हेस्ती आली. विमान, होडी, राहणं, जेवण, सगळं वहीत मांडून आलेली शहाणी. प्रवेशाचे पैसे तेवढे धरलेच नव्हते.

"मावशी, आता परतीपुरतेच उरलेत हो."

"एवढ्या लांबून येऊन काठावरनं बघून जाणार होय? हा घे. अजून दोन महिने चालतोय. नाव कोण वाचतंय!"

मावशींचं मन मोठं, पण डोकं त्या दिवशी गहाण पडलं होतं. नाव वाचणाराच तर धक्क्यावर बसलेला असतो.

राखणदार लाझारकाका. हातमोजे घालू नका, प्रवाळाला बोट लावू नका, हे एकदा सांगून झालं की ते बिल्ल्यावरचं नाव वाचतात, पाण्यात सुपारी टाकतात आणि समुद्राला कळवतात की ही आत येतेय. परतताना त्याच नावाने माणूस मागून घेतात. जन्मभराची सवय. त्यांनी मला हातात धरलं, नाव वाचलं, सुपारी टाकली. मग ते नाव कुणाचं ते आठवलं आणि ते तिला थांबवायला धावले. तोवर हेस्तीने उडी मारली होती.

खाली थंड पाण्यात कोणीतरी माझा कोपरा धरला. तो अंगठा मी ओळखला. मला फार भीती वाटली.

वेळ संपली तरी हेस्ती दिसेना. काकांनी मावशींना तिचं खरं नाव विचारलं आणि आधी हेस्तीला हाक मारली. पाणी हललं नाही. शेवटी ते हळूच म्हणाले, "सेकार."

"आले, काका."

शिडीवरून चढली ती हेस्तीच्याच अंगाची, हेस्तीच्याच केसांची. संध्याकाळी मावशींनी तिला जेवायला हाक मारली, "हेस्ती, ये गं." तिने मान वळवली नाही. तिचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर फिरत होता.

मावशींनी साठवलेले पैसे मोडून हेस्तीच्या नावाचा नवा बिल्ला आणला आणि काकांपुढे धरला. "आता तरी मागा तिला."

"आत जाताना समुद्राला हिचं नाव सांगितलंच नाही, ओर्पा. आता मागू कसं?"

तरी रोज सकाळी दोघं धक्क्यावर जाऊन हाक मारतात. मी इथे ओसरीवर, तिच्या गळ्यात.

बाबांनो, प्रवासाचा खर्च मांडाल तेव्हा पहिल्या ओळीत प्रवेशाचे पैसे लिहा, आणि बिल्ला आपल्याच नावाचा घ्या. हल्ली काकांच्या "हेस्ती" या हाकेला पाण्यातून "आले" असं उत्तर येतं. वर मात्र कोणी येत नाही.