बाबांच्या खोलीतला वास

माझं नाक फार तिखट. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या पावसाळ्यात तो शापच आहे. नाताळ झाला आणि माझ्या सासऱ्यांच्या खोलीतून वास यायला लागला, ओल्या गोणपाटासारखा. सासरे, मिकेस, ब्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरून इथं आले आणि जन्मभर लोकांची घरं बांधली. म्हातारपणी अंगाला वास येतोच, असं मी परस्पर ठरवून टाकलं. बोलायची सोय नाही, आणि नवरा दूर खाणीवर कामाला. मग मी रोज चादरी बदलल्या, देवापुढचा धूप त्यांच्या खोलीत फिरवला, एसी सोळावर ठेवला आणि दार ओढून घेतलं.

म्हातारा खुळा नव्हता. दिवसातून तीनदा आंघोळ करायला लागले. नातीला मांडीवर घेईनात. जेवणही एकटेच व्हरांड्यात. एका सोमवारी त्यांनी माझ्यापुढे वृद्धाश्रमाचा अर्ज ठेवला, सही केलेला.

"तिथं बरं पडेल मला, थेमेलिना. माझ्या वयाची माणसं आहेत."

"कशाला हो बाबा," असं मी म्हटलं, पण अर्ज परत दिला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या एसीतून टपटप पाणी गळायला लागलं. दुरुस्तीला डेस्मंड नावाचा एसीवाला आला. त्यानं भिंतीवर हात फिरवला आणि कपाट सरकवायला लावलं. मागची भिंत छतापर्यंत काळीकुट्ट! बुरशीचा असा भपकारा आला की तोच दोन पावलं मागे सरला.

"पाणी बाहेर जायची नळी कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलीय," तो म्हणाला. "दोन महिने तरी पाणी भिंतीत मुरतंय. वास नाही आला कुणाला?"

बाबा भिंतीजवळ गेले, हुंगलं. मग स्वतःची बाही हुंगली. मग पुन्हा भिंत.

"हिचा आहे!" ते ओरडले. "अगं पोरी, भिंतीचा वास आहे! माझा नाही!"

आणि पलंगावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले.

"भिंत सडली म्हणून एवढं खूश होणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय," डेस्मंड म्हणाला. त्यानं नळी मोकळी केली, आधी व्हिनेगरनं घासा, मग लवंगेचं तेल लावा, आणि एसी इतका गार ठेवू नका, असं बजावून गेला.

मला इतकं हलकं वाटलं की तोंडून खरं निघून गेलं. "बाबा, मला वाटलं होतं, तुमचाच."

"माहीत आहे. एवढा धूप बिशपच्या मयताला पण जाळत नाहीत."

हसावं की रडावं, मला कळेना. ते भिंतीकडेच बघत होते. हळूच म्हणाले, "मग... राहू ना मी?"

मला स्वतःचाच असा संताप आला!

"विचारता काय, बाबा? तोंडाला फडकं बांधा आणि बादली आणा. ही भिंत काय मी एकटीनं घासू?"